वय आणि नाच या विषयावर दोघींनी मिळून शॉर्ट फिल्म करायचीय? आमचा अनुभव

मी २८ ची, ताई ६१ च्या. दोघींनी मिळून ९ मिनिटांची डान्स फिल्म केली. स्टेजची सवय दोघींना होती, कॅमेऱ्याची एकीलाही नाही. सुरुवात कुठून करायची असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून लिहितेय.

पहिली चूक माझी. मी सगळी कोरिओग्राफी आधी स्वतःच्या अंगावर बसवली आणि मग ताईंना जमणार नाही असं मला वाटलं ते एकेक काढत गेले, उड्या गेल्या, गिरक्या अर्ध्या झाल्या, आणि त्यांच्या वाट्याला माझं उरलंसुरलं आलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण रिहर्सलला नुसतं मार्किंग करायला लागल्या, म्हणजे पूर्ण जोर न लावता हालचाली फक्त दाखवण्यापुरत्या. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळं पुसलं आणि उलट सुरू केलं, आधी त्या करणार, मग मी शिकणार.

जमिनीवरून उठायची एक जागा होती. मी एका झोक्यात उठायचे. ताई आधी उजवा तळवा टेकवायच्या, बोटं पसरायच्या, एक श्वास घ्यायच्या, मग गुडघा, मग वजन सावकाश पायावर. हे एडिटला कापू असं मी मनात धरलं होतं आणि शेवटी पूर्ण फिल्म त्या उठण्यावरच उभी राहिली! मला ते शिकायला ४ दिवस लागले, कारण गुडघ्यावरून पायावर येताना माझं वजन दरवेळी घाईने निसटायचं.

ताईंनीच मला सांगितलं की कोरिओग्राफर यिरी किलियान यांनी १९९१ मध्ये नेदरलँड्समध्ये ४० च्या पुढच्या डान्सर्ससाठी वेगळा ग्रुप काढला होता, आणि जपानचे डान्सर काझुओ ओनो सत्तरी गाठल्यावर नव्याने सोलो घेऊन स्टेजवर आले. विषय निवडण्याआधी या लोकांचं काम नक्की बघा, म्हणजे वय म्हटलं की लगेच सुरकुत्यांचा क्लोजअप आणि उदास पियानो असं सुचणार नाही. सुरकुत्या दाखवायला माझी हरकत नाही, पण त्या हाताला त्या वेळी काहीतरी काम असू दे.

शूटचं म्हणाल तर, अंग गरम असतानाच पूर्ण नाचाचे वाइड शॉट उरका, पाय फ्रेममध्ये ठेवून. क्लोजअप नंतर. लायटिंग बदलायला अर्धाअर्धा तास जातो आणि तेवढ्यात साठीचं काय अठ्ठाविशीचं शरीरही आखडतं, म्हणून प्रत्येक ब्रेकनंतर वॉर्मअपचा वेळ शेड्यूलमध्येच लिहा. काँक्रीटवर उड्या नकोत, खाली लाकडी उसळता फ्लोअर हवा. एका सीक्वेन्सचे किती टेक हे आधीच ठरवा, आम्ही ३ ठरवले होते आणि पाळले.

स्लो मोशन वापरणार असाल तर एक टेस्ट घ्याच. आम्ही सेकंदाला ५० फ्रेम्सवर शूट करून २५ वर चालवलं, म्हणजे वेग निम्मा. त्यात माझ्या बॅलन्समधली घोट्याची थरथर स्पष्ट दिसली, आणि ताई मात्र स्थिर. तो शॉट मी फिल्ममध्ये ठेवायला लावला.

आणि श्रेयाचं आधीच लिहून ठेवा, मैत्री कितीही असो. आमच्याकडे डिरेक्शन आणि कोरिओग्राफी, दोन्हीला दोघींची नावं एकाच कार्डवर आहेत, ताईंचं आधी.