गावाचा पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून रब्बीचे पाणी कसे ठरवावे

महसूल मंडळाच्या (काही गावांच्या महसुली गटाच्या) नोंदीत पाऊस सरासरीइतका आणि फेब्रुवारीत गावाला टँकर, हे अवर्षणप्रवण भागात नवीन नाही. महसूल मंडळाचे हवामान केंद्र एका जागी असते आणि त्याच्या आकड्यावर आसपासची सगळी गावे मोजली जातात. मराठवाड्यात किंवा नगर-सोलापूरकडे पाऊस मात्र एका शिवारात कोसळतो आणि शेजारचे शिवार कोरडे ठेवतो. म्हणून मंडळाचा आकडा जरूर पाहावा, पण पिकांचा निर्णय गावाने स्वतः मोजलेल्या पावसावर आणि विहिरींवर घ्यावा.

पर्जन्यमापक बसवणे

हजार हेक्टरच्या शिवाराला दोन-तीन पर्जन्यमापके पुरतात: एक माथ्याकडे, एक गावठाणाजवळ, एक ओढ्याच्या खालच्या अंगाला. साधे, हाताने मोजायचे उपकरण चालते. विकत घ्यायचे नसेल तर १६ सेंमी व्यासाचे नरसाळे घ्या. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौ. सेंमी भरते, म्हणजे साठलेले २० मिली पाणी बरोबर १ मिमी पाऊस. नरसाळ्याच्या कडेला चार-पाच सेंमी उंचीची उभी पट्टी जोडा, नाहीतर जोराच्या सरीत थेंब उसळून बाहेर जातात. खालची बाटली किमान ४ लिटरची हवी; ती २०० मिमीला भरते. लहान बाटली नेमकी अतिवृष्टीच्या रात्री भरून ओसंडते आणि वर्षातली सगळ्यात महत्त्वाची नोंद हातची जाते.

तोंड जमिनीपासून ३० सेंमी उंच आणि पाणसळीत असावे. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर उपकरण ठेवा. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर ठेवायचा मोह टाळा. उंचावर वारा जास्त लागतो आणि पाऊस कमी भरतो.

रोजची नोंद

रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान खात्याची वेळ हीच आहे. ५ तारखेच्या रात्री पडलेला पाऊस ६ तारखेच्या नोंदीत जातो. ही तारीख चुकली की मंडळाच्या आकड्याशी तुलना जमत नाही. मोजपात्र डोळ्यांच्या पातळीत धरून पाण्याच्या वक्राची खालची रेघ वाचा. पाऊस नसेल त्या दिवशी ० लिहा, मोजायचे राहिले असेल तर रेघ मारा. या दोन्हींची सरमिसळ झाली की वर्षाची बेरीज खोटी ठरते. विकतच्या उपकरणासोबत दुसऱ्याच मापाचे मोजपात्र आले तर आकडा थेट दुप्पट किंवा निम्मा येतो. १०० चौ. सेंमीच्या नरसाळ्याला १ मिमी म्हणजे १० मिली, हे एकदा तपासून घ्या.

वहीत नक्षत्राचा रकाना ठेवा. आर्द्रा, मघा, उत्तरा असे सांगितले की जुनी माणसे लगेच मागच्या वर्षांशी ताडून पाहतात. पाऊस किती वेळात पडला तेही लिहा: तासाभरातले ६० मिमी बरेचसे ओढ्याने निघून जातात, दोन दिवसांच्या भिजपावसाचे तितकेच पाणी जिरते.

२४ तासांत २.५ मिमी किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस. आठवड्याची बेरीज सरासरीच्या निम्म्याहून कमी आणि असे सलग तीन-चार आठवडे, तर तो पावसातला मोठा खंड समजा.

विहिरी

सहा ते दहा विहिरी निवडा. बंधाऱ्याखालच्या आणि ओढ्याकाठच्याच घेतल्या तर चित्र फसवे निघते, कारण त्या शेवटी आटतात. माथ्याकडच्या विहिरी आधी खबर देतात.

कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच टेप सोडा. टेपच्या टोकाला वजन बांधा. शेवटच्या मीटरभराला खडू घासला की ओली रेघ स्पष्ट दिसते. मिळालेल्या आकड्यातून कठड्याची उंची वजा करा. खरी गोम विजेत आहे. शेतीपंपाला रात्रपाळीची थ्री फेज असेल तर पहाटेची पातळी उपशाने खाली गेलेली असते. मोटर बंद होऊन आठ-दहा तास झाल्यावरच मोजा आणि वीज कोणत्या पाळीची होती ते शेजारी लिहा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मेमध्ये मोजते, आणि ऑक्टोबरच्या पातळीची मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी तुलना करून टंचाईचा अंदाज देते. गावानेही निदान हे चार महिने चुकवू नयेत.

ऑक्टोबरचा ताळेबंद

१ मिमी पाऊस १ हेक्टरवर पडला की १०,००० लिटर. १ टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, अर्थात १० लाख लिटर. पण पडलेल्या पावसावर पिके ठरवू नका, विहिरींत चढलेल्या पाण्यावर ठरवा. आपल्या काळ्या पाषाणात पाणी धरायची जागा थोडी असते. खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात.

समजा मेमध्ये पाणी जमिनीखाली सरासरी १०.५ मीटरवर होते, ऑक्टोबरमध्ये ६.५ मीटरवर आले. चढ ४ मीटर. उघडा डोंगर वगळून क्षेत्र ७०० हेक्टर. ७०० × १०,००० × ४ × ०.०२ = ५,६०,००० घनमीटर, म्हणजे ५६० टीसीएम.

आता वजाबाकी, आणि ती याच क्रमाने. २,००० माणसे, रोज माणशी ५५ लिटर, आठ महिने: सुमारे २६ टीसीएम. ८०० मोठी जनावरे, रोज ५० लिटर: १० टीसीएम. पाऊस लांबला तर लागणारे, आणि ओढ्यात पाझरून जाणारे, यासाठी पाचवा हिस्सा, ११२ टीसीएम. उरले ४१२.

पाटाने पाणी देऊन हरभऱ्याला दोन पाण्यांत हेक्टरी सुमारे २ टीसीएम लागतात, कांद्याला ७ च्या आसपास. म्हणजे २०० हेक्टर हरभरा किंवा ६० हेक्टर कांदा, किंवा यांची वाटणी. ऊस पावसासकट हेक्टरी २० टीसीएमच्या घरात जातो, आणि हजार माणसांचे वर्षभराचे पिण्याचे पाणीही तितकेच. ग्रामसभेत ही दोन वाक्ये शेजारी शेजारी मांडा. भाषणाची गरज उरत नाही. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी असाच ताळेबंद मांडून पिके ठरवते आणि तिथे शेतीसाठी बोअर घेण्यास बंदी आहे.

२ टक्के हा ढोबळ आकडा आहे. मुरूम जाड असेल तर जास्त, सलग कातळ असेल तर कमी. म्हणून जानेवारीत पुन्हा मोजा. ऑक्टोबर ते जानेवारी ४ मीटरपैकी अडीच मीटर उतरले असतील तर हिशेब फसला आहे: उन्हाळी भुईमूग आणि चाऱ्याची मका यांची पेरणी थांबवा, पिण्याच्या विहिरीच्या आसपासचा उपसा बंद करा आणि टंचाई आराखड्यासाठी वहीची प्रत तहसीलला द्या. पुढच्या ताळेबंदात २ ऐवजी १.५ टक्के धरा.