नवा शब्द पाठ करताना ॲडजेक्टिव्ह क्लॉजही पक्का करा

नवा इंग्रजी शब्द वहीत उतरवताना समोर मराठी अर्थ लिहून थांबू नका; ॲडजेक्टिव्ह क्लॉज, म्हणजे नामाबद्दल माहिती देणारं उपवाक्य, वापरून त्याची इंग्रजीतच व्याख्या करा. आधी शब्दाचा गट, म्हणजे पर्सन, टूल, प्लेस वगैरे. मग हू, दॅट, हूज किंवा व्हेअर. मग उरलेलं वाक्य. उदाहरणार्थ, 'अ विडो इज अ वुमन हूज हजबंड हॅज डाइड.' दिवसाला पाच शब्द पुरेत, जास्त घेतले की नुसती नक्कल होते.

सगळ्यात चिवट चूक मराठीच्या सवयीतून येते. आपण 'जे पुस्तक मी घेतलं, ते...' असं जोडीनं बोलतो, म्हणून 'द बुक दॅट आय बॉट इट' लिहिलं जातं. 'इट'ची जागा 'दॅट'नं आधीच घेतलेली असते, तेव्हा 'इट' खोडा. हवं तर 'दॅट'ही गाळा: 'द बुक आय बॉट'. 'द मॅन हू केम'मधला 'हू' मात्र कर्ता आहे, तो गाळता येत नाही.

क्रियापद 'हू'च्या आधीच्या नामाप्रमाणे चालतं: 'अ पर्सन हू रिपेअर्स शूज', पण 'पीपल हू रिपेअर शूज'. स्वल्पविरामाचे नियम सध्या बाजूला ठेवले तरी चालतील.

दुसऱ्या दिवशी शब्द झाका, व्याख्या वाचा आणि शब्द ओळखा.