नवा ऑडिओ इंटरफेस रीपरला जोडताना

इंटरफेस म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणारा डबा, रीपर म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. विंडोजवर आधी इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवरून एएसआयओ (आवाज कमी उशिराने पोहोचवणारा) ड्रायव्हर टाका, मगच इंटरफेस लावा. तोही थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, हबमधून नको. रीपरमध्ये ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस इथे एएसआयओ निवडून इंटरफेसचाच ड्रायव्हर घ्या. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, सगळीकडे ४८,००० ठेवा.

खरी मेख बफरमध्ये आहे, म्हणजे लॅपटॉप एका वेळी किती सॅम्पल गोळा करून पुढे पाठवतो त्यात. १२८ सॅम्पल म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद, जाता-येता मिळून उशीर याहून जास्तच होतो. गाताना १२८ ठेवा, आवाज तडतडला तर २५६ करा, मिक्सिंगला १०२४. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दोनदा येतोय? डायरेक्ट मॉनिटर (इंटरफेसमधून थेट येणारा आवाज) आणि ट्रॅकचं मॉनिटरिंग (रीपरमधून फिरून येणारा) दोन्ही चालू आहेत. एक बंद करा.

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्ट लागतात. केबल जोडा, गेन (माइकचा आवाज वाढवायची खुंटी) शून्यावर आणा, मग इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबा. सगळ्यात जोरात गाऊन मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल इतकाच गेन वाढवा.

नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय बसवत नाही, पण त्याची घरघर माइक हमखास पकडतो. टेकपुरता तो बंदच करा. तरी गुणगुण राहिली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबली तर अर्थिंग तपासून घ्या.