टिश्यू कल्चरचा ऊस: बाटलीतून वावरात

टिश्यू कल्चरची रोपं म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली रोपं. त्या बाटल्या ऑगस्टमध्ये मागवा. हवा आयतीच ओली असते आणि रोपं पूर्वहंगामी लागणीला, म्हणजे १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरच्या दरम्यान, तयार होतात. एप्रिल-मेमध्ये आपल्या विदर्भात पारा ४५ ला टेकतो. तेव्हा हा खटाटोप करूच नका.

रोपं काढून मुळांची जेली साध्या पाण्यात पूर्ण धुवा, तिच्यात साखर असते आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. मग लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात रोपं बुडवा आणि धुतलेल्या कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ट्रेमध्ये लावा. शेडनेटखाली ट्रेवर प्लास्टिकचा बुटका बोगदा करा.

खरी परीक्षा इथून पुढे. बाटलीतलं रोप आयत्या साखरेवर वाढलेलं. पानावर मेणाचा थर नावापुरता, आणि पानाची छिद्रं कोरड्या हवेतही नीट मिटत नाहीत. पाणी उडतं पानातून, मुळं मात्र अजून ओढायला शिकलेली नसतात. मी पहिल्या वर्षी सहाव्या दिवशी, भर अकरा वाजता, प्लास्टिक काढून टाकलं. दुपारी रोपं माना टाकून पडली. तहानली असतील म्हणून झारीनं पाणी घातलं, संध्याकाळी परत घातलं. चार दिवसांत बुडखे काळे पडले, ओढलं की रोप हातात. अर्ध्याहून जास्त ट्रे उकिरड्यावर गेले. "पान सुकलं की पाणी द्या" म्हणणाऱ्याला माझ्या नर्सरीत पाय ठेवू देत नाही. ओलावा हवेत हवा, कोकोपीटमध्ये नाही. मुठीत दाबल्यावर पाणी गळलं तर ते जास्तच झालं. पानांवर बारीक फवारा मारा, तोही थोडा आणि वारंवार.

आठ-दहा दिवस बोगदा बंद. सकाळी प्लास्टिकला आतून थेंब दिसले पाहिजेत. नंतर दिवस मावळल्यावर एक कड वीतभर उचला, पहाटे लावून घ्या. रोज थोडं वाढवत न्या. मी तारीख बघत नाही, नवीन पान बघतो. बाटलीतलं पान रेशमासारखं मऊ. बाहेर फुटलेल्या पानाची कड बोटाला खरखरीत लागते. अशी दोन पानं आली की प्लास्टिक कायमचं काढा. जुनी पानं पिवळी पडतील, पडू द्या.

पुढं ट्रेमधली रोपं महिनाभर पिशवीत, शेवटचा आठवडा उघड्या उन्हात. वावरात लागण संध्याकाळीच करा.