खोलीचा दार-लॉक आतून बसला, बाहेरून किल्लीशिवाय उघडला : माझा अनुभव

लक्षण : गोल मुठीचं लॉक, आतल्या बाजूला फिरवायची खिटी. खिटी फिरलेली असताना दार ओढलं गेलं आणि लॉक झालं. आत कोणी नाही. बाहेरची मूठ किंचित हलते आणि अडते.

आधी प्लास्टिकचं कार्ड फटीत घातलं. चौकटीच्या खाचेमुळे ते लॅचच्या जिभेपर्यंत (दार चौकटीत अडकवणारा पुढे आलेला भाग) पोचेना. मग सरळ केलेली पेपरक्लिप मुठीतल्या छिद्रात ढकलली, ती आतच वाकली. फार वैताग आला.

शेवटी जमलं ते असं. बाहेरच्या मुठीच्या मधोमध बारीक छिद्र असतं, त्यात टॉर्च मारला. आत आडवी खाच दिसली, म्हणजे इथे दाबायचं नाही, फिरवायचं. चष्म्याचा चपट्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर सरळ आत घातला आणि टोक खाचेत बसेपर्यंत हळूहळू फिरवलं. मग मूठ पूर्ण सोडून दिली. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण मूठ पिळून धरली की आतला भाग ताणाखाली अडकतो. आता पाव वळसा. एका बाजूला फिरेना, दुसऱ्या बाजूला टक्‌ झालं. त्यानंतरच मूठ फिरवली, दार उघडलं.

आत खिटीऐवजी दाबायचं बटण असेल तर छिद्रात सहसा खाच नसते. तिथे न वाकणारी, बोथट टोकाची बारीक सळई सरळ दाबायची. छिद्राऐवजी दातेरी किल्लीचं भोक असेल तर हा उपाय चालत नाही, चावीवाल्यालाच बोलवा.