टेनिस वजा केल्यावर उरतं किती?

एप्रिल २०२३. मी अमेरिकेत टेनिसच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते. ‘आजचा सराव रद्द, सगळ्यांनी चार वाजता जिममध्ये जमायचं,’ असा मेसेज आला. आम्हाला वाटलं, कोच नोकरी सोडतोय. जाऊन बघते तर सॉफ्टबॉलच्या मुली, पोहणारे, धावपटू, सगळेच घडीच्या खुर्च्यांवर बसलेले. क्रीडा संचालकांनी कागदावरून वाचून दाखवलं: आपलं विद्यापीठ डिव्हिजन वन सोडून डिव्हिजन थ्रीमध्ये जाणार. अकरा मिनिटांत सभा आटोपली. माझ्या शेजारचा बास्केटबॉलवाला बुटाची नाडी सोडत होता, बांधत होता, परत सोडत होता.

रात्री सांगलीला फोन लावला. बाबांचा पहिला प्रश्न: “म्हणजे रणजीतून क्लब क्रिकेटात टाकलं काय तुम्हाला? एवढे हरलात?”

हरण्याजिंकण्याचा यात काही संबंध नसतो, हे त्यांना समजवायलाच अर्धा तास गेला. अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संस्था एनसीएए. तिचे तीन डिव्हिजन आहेत, पण युरोपातल्या फुटबॉलसारखं तळाला गेलात म्हणून खाली ढकलत नाहीत. कुठे खेळायचं ते विद्यापीठ स्वतः ठरवतं, आणि ठरवताना तिजोरीकडे बघतं. डिव्हिजन वनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येते, टूमध्ये बहुतेकदा अर्धीमुर्धी मिळते. थ्रीमध्ये खेळाच्या नावावर एक डॉलरही देता येत नाही. तिथे पैसे मिळतात ते मार्कांवर किंवा घरच्या परिस्थितीवर. त्यातही सरकारी मदत आपल्यासारख्या एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना नाहीच. माझी तर पूर्ण शिष्यवृत्ती टेनिसवर होती.

हे आभाळातून पडलं असंही नाही. मी २०२१ मध्ये विमानात बसले, त्याच वर्षी हार्टफर्ड विद्यापीठाचा पुरुष बास्केटबॉल संघ पहिल्यांदाच एनसीएएच्या मुख्य स्पर्धेत पोहोचला होता. बेलरकडून ७९-५५ ने हरला. पुढे त्याच मे महिन्यात विद्यापीठाने डिव्हिजन थ्रीमध्ये जात असल्याचं जाहीर केलं. बातमी जगजाहीर होती. पण मी तेव्हा रॅकेटच्या तारांचा ताण बघत होते, आणि ज्या सल्लागाराला आम्ही घसघशीत फी मोजली होती, त्याने डिव्हिजन वन हा शब्द ‘आयआयटी’ म्हणावं तसा उच्चारला होता. डिव्हिजन बदलू शकतो, हे त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. मीही विचारलं नाही.

त्या रात्री पहिल्यांदा शिष्यवृत्तीचं पत्र नीट वाचलं. मुदत: एक शैक्षणिक वर्ष. दरवर्षी नवं पत्र यायचं, मी फोनवरच सही करून टाकायचे. आमच्या विद्यापीठाने २०२३-२४ पुरता शब्द पाळला. चौथ्या वर्षाचं मात्र ‘शैक्षणिक गुणवत्तेनुसार विचार करू’ एवढंच उत्तर.

मग सगळे करतात तेच केलं. ट्रान्सफर पोर्टलकडे, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीकडे, धावले. माझ्यासारखी घाई करू नका. पोर्टलमध्ये नाव पडलं की सध्याच्या विद्यापीठाला पुढच्या सत्रापासून तुमची शिष्यवृत्ती थांबवायची मुभा मिळू शकते. त्यामुळे आधी कंप्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाचे नियम सांभाळणाऱ्या विभागात, जा आणि उत्तर ईमेलवरच घ्या. तोंडी घेऊ नका. मी नाव टाकायच्या आदल्या दिवशी तिथल्या बाईंनी मला खुर्चीत बसवून हे सांगितलं, म्हणून वाचले. अंदाज घेतला तेव्हा दोन ठिकाणी रस दिसला. एका ठिकाणी माझे इतके क्रेडिट बाद होणार होते की पदवी दीड वर्षाने लांबली असती. दुसरीकडे संख्याशास्त्रात पदवीच नव्हती. संख्याशास्त्र सोडलं असतं तर ओपीटीची, म्हणजे पदवीनंतर अमेरिकेत नोकरी करायच्या परवानगीची, जादा दोन वर्षंही बहुधा गेली असती. राहिले.

आता हिशेब. चौथ्या वर्षाचा एकूण खर्च ५८ हजार डॉलर. माझा जीपीए ३.६ होता, त्यावर २४ हजारांची सूट मिळाली. वसतिगृहात रेसिडेंट असिस्टंट झाले, म्हणजे रात्री-अपरात्री किल्ली हरवलेल्या पोरांना दार उघडून द्यायचं, भांडणं सोडवायची. त्याबदल्यात खोली आणि जेवण, साधारण १५ हजारांचं. उरले १९ हजार. बाबांनी कर्ज काढलं, साधारण १६ लाख रुपये. आई काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

पैशाचा स्रोत बदलला की इंटरनॅशनल ऑफिसातून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) सुधारून घ्यावा लागतो. आणि सत्र चालू असताना कॅम्पसवरची सगळी कामं मिळून आठवड्याला २० तासच करता येतात, म्हणून लायब्ररीतलं काम सोडलं. गंमत म्हणजे टॅक्स गेला. पूर्ण शिष्यवृत्तीतल्या खोली-जेवणाच्या भागावर माझे १४ टक्के कापले जायचे. ट्यूशनवरच्या सवलतीवर कर नसतो.

आणि टेनिस? विमानं बंद, बारा सीटची व्हॅन आली. पाऊस थांबला की कोर्टावरचं पाणी आम्हीच रबरी फळीने ओढायचो. डिव्हिजन बदलाच्या काळात संघ एनसीएएच्या अंतिम स्पर्धांना पात्र नसतो, त्यामुळे माझ्या शेवटच्या हंगामात जिंकूनही पुढे जायची सोय नव्हती. हे मला आजही खुपतं. पण सराव संपल्यावर प्रोबॅबिलिटीची गणितं सोडवण्याइतकी ताकद शिल्लक राहायला लागली, हेही खरं. शिवाय थ्रीला कमी लेखू नका. शिकागो विद्यापीठ, एमरी, केस वेस्टर्न यांचे संघ डिव्हिजन वनमधल्या कित्येकांना दमवतील.

मार्च २०२५ मध्ये पेनसिल्वेनियाच्या सेंट फ्रान्सिस विद्यापीठाची बातमी आली. त्यांचा बास्केटबॉल संघ एनसीएएच्या स्पर्धेत अलाबामा स्टेटकडून ७०-६८ असा हरला आणि आठवड्याभरात डिव्हिजन थ्रीची घोषणा. त्या घोषणेत पोर्टल आणि खेळाडूंना पैसे देण्याच्या नव्या पद्धतीचा उल्लेख होता. त्याच जूनमध्ये, खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाऊस खटल्याची तडजोड मंजूर झाली. २०२५-२६ पासून त्या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मोठ्यांच्या या शर्यतीत छोट्यांना दम राहणार नाही, त्यामुळे अशा सभा अजून होतील असं माझं मत आहे.

म्हणून आता जी मुलगी ‘ताई, ऑफर आलीये’ म्हणून मेसेज करते, तिला मी कोर्ट किती, कोच कोण हे नंतर विचारते. आधी प्रवेश विभागाला, म्हणजे कोचला नव्हे, एक ईमेल टाकायला लावते: मी खेळाडू नसते, तर माझ्या मार्कांवर किती सूट दिली असती? ही सूट बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळीच ठरते, मला मिळाली तरी, तिसऱ्या वर्षी मागायला गेलात की सहसा हातात काही राहत नाही. दुसरा प्रश्न: संघ बंद पडला किंवा डिव्हिजन बदलला, तर शिष्यवृत्ती पदवीपर्यंत चालेल का, लेखी द्याल का? कोच यावर हसतो. हसू द्या.

गेल्या महिन्यात सोलापूरच्या एकीने हा ईमेल पाठवला. दोन दिवसांत उत्तर आलं: टेनिस वजा करून १८ हजार डॉलरची सूट. दुसऱ्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. तिने अजून सही केलेली नाही.