कागदपत्रांविना कॉलेज: अमेरिकेतल्या मराठी घरांनी या चुका टाळाव्यात

दर ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या ग्रंथालयात मी बारावीच्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करते, आणि दरवर्षी एखादे मराठी मूल बाकीचे सगळे निघून जाईपर्यंत दप्तर आवरत बसते. मग हळू आवाजात विचारते, की ताई, स्टेटस नसेल तर कॉलेजला जाता येते का? (स्टेटस म्हणजे या देशात राहण्याची कायदेशीर परवानगी.) येते. १९८२ च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे बारावीपर्यंत शाळेने त्याला काही विचारलेले नसते. त्यापुढे अलाबामा आणि साउथ कॅरोलायना या राज्यांनी सरकारी कॉलेजांची दारे बंद केलेली आहेत, पण बहुतेक राज्यांत प्रवेशाला कायद्याची आडकाठी नाही. घोडे अडते ते पैशांपाशी, आणि घाईच्या चुकाही तिथेच होतात.

सर्वांत वाईट चूक म्हणजे अर्जात ‘अमेरिकी नागरिक’ या पर्यायावर खूण करणे. फॅफ्सा हा केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज आहे आणि त्यातून मिळणारी पेल ग्रँट (परत न करावी लागणारी मदत), सरकारी कर्ज किंवा वर्क-स्टडी (शिकताना मिळणारे काम) यांपैकी काहीही स्टेटस नसलेल्या विद्यार्थ्याला मिळत नाही; डाका, म्हणजे लहानपणी इथे आणलेल्यांना हद्दपारीपासून मिळणारी तात्पुरती सूट, असली तरी मिळत नाही. तरीही काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या वडिलांना त्यांच्या स्नेह्यांनी सल्ला दिला, की खूण करून मोकळे व्हा, कोण बघतो! मुलाचा आयटिन, म्हणजे केवळ करासाठी मिळणारा क्रमांक, त्यांनी सोशल सिक्युरिटीच्या रकान्यात लिहिला आणि कागदी अर्ज टपालात टाकून दिला. बघणारे असतात. क्रमांक जुळला नाही, कॉलेजने नागरिकत्वाचा पुरावा मागितला, घाबरलेल्या मुलाने पत्रांना उत्तरच देणे बंद केले आणि या गडबडीत राज्य सरकारच्या ज्या मदतीवर त्याचा खरोखर हक्क होता तिची मुदत निघून गेली.

वर्ष वाया गेले एवढ्यावर हे थांबले नाही. १९९६ च्या कायद्यानुसार, सरकारी लाभासाठी नागरिकत्वाचा खोटा दावा केल्यास ग्रीन कार्डाचा रस्ता जवळपास कायमचा बंद होतो. अपवाद अगदी थोडे आहेत आणि व्हिसाची मुदत उलटून राहिलेल्याला लग्नानंतर जशी वाट मिळू शकते तशी इथे सहसा मिळत नाही. या मुलाने पुढे अमेरिकी नागरिक असलेल्या मुलीशी लग्न केले, तेव्हा ग्रीन कार्डाच्या अर्जात ‘आपण नागरिक असल्याचे कधी सांगितले आहे काय’ हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहिला. प्रकरण अजून वकिलाकडे आहे आणि सल्ला देणारे स्नेही आता फोन उचलत नाहीत. माझी स्वतःची सवय अशी आहे, की अर्जाची कोरी प्रत छापून आधी पेन्सिलीने भरायची, जो रकाना लागू नाही तो रिकामा ठेवायचा आणि एक रात्र मध्ये जाऊ द्यायची. वीस मिनिटांत सगळे उरकू पाहणाऱ्या मुलांना हा छळ वाटतो. वाटू दे.

त्या मुलाने भरायला हवा होता तो अर्ज वेगळाच होता. न्यू जर्सीत २०१३ च्या कायद्याने अशा मुलांना राज्याच्या रहिवाशांइतकी फी लागू झाली आणि २०१८ पासून राज्याची मदतही खुली झाली. त्यासाठी तीन वर्षे इथल्या हायस्कूलमध्ये शिकून इथूनच उत्तीर्ण झालेले असावे लागते आणि फॅफ्साऐवजी राज्याचा ‘अल्टरनेटिव्ह’ अर्ज भरावा लागतो. कॅलिफोर्नियात ड्रीम ॲक्टचा अर्ज आहे, तर न्यूयॉर्कने २०१९ मध्ये तसाच कायदा केला. मात्र दुसऱ्या राज्यातल्या चुलतभावाने तीन वर्षांपूर्वी काय केले, त्यावर विसंबू नये. अशी सवलत सर्वांत आधी, २००१ मध्ये, देणाऱ्या टेक्सासमध्ये ती जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, आणि फ्लोरिडाने आपला २०१४ चा कायदा २०२५ मध्येच रद्द केला. म्हणून राज्याच्या संकेतस्थळावरची माहिती त्या आठवड्यात पुन्हा वाचल्याशिवाय मी कोणालाही आकडा सांगत नाही.

दुसरी चूक सुशिक्षित, नोकरदार मराठी घरांची खास आहे आणि तिचा मला अधिक राग येतो. ‘आम्ही रीतसर आलो आहोत, तो प्रश्न आमचा नाही,’ असे म्हणणारे आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतात, मुले एच-४ या आश्रितांच्या व्हिसावर असतात आणि भारतीयांसाठीची ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब असते, की मुलगी एकविसाव्या वर्षात येते तरी कुटुंबाचा नंबर लागत नाही. एकविसाव्या वाढदिवशी एच-४ संपतो. वयाच्या चौथ्या वर्षी सांगलीहून आलेली एक मुलगी मला आठवते. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला होती, उत्तम गुण होते, आणि वडील म्हणत होते की कंपनीचे वकील बघतील. कंपनीचे वकील कंपनीचे काम बघतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसासाठीचा अर्ज वाढदिवसाच्या आत जायला हवा होता, तो गेला पाच आठवडे उशिरा. तोवर ती ज्या गटाविषयी तिच्या घरात नाक मुरडून बोलले जाई, त्याच गटात ती जाऊन बसली होती. डाकाचाही तिला उपयोग नव्हता, कारण १५ जून २०१२ रोजी वैध स्टेटस नसणे ही त्यातली अट आहे आणि तिच्याकडे तेव्हा ते होते. (आज बारावीत असलेल्यांनी तर डाकाची आशाच धरू नये: १५ जून २००७ पासून इथे राहत असण्याची अट आहे आणि यांतली बहुतेक मुले तेव्हा जन्मलीही नव्हती.) मूल अठरा वर्षांचे झाले, की त्याच्यासाठी कंपनीपासून वेगळा इमिग्रेशन वकील गाठावा, असे मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी मला कंपनीच्या वकिलांचे कौतुक ऐकावे लागते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगते. ‘भारतात जाऊन स्टुडंट व्हिसा घेऊन येतो’ म्हणून तिकीट काढू नये. अठरा वर्षांनंतर १८० दिवसांहून अधिक काळ स्टेटसविना राहून देश सोडला तर परतीवर तीन वर्षांची आणि एक वर्ष किंवा अधिक झाले असेल तर दहा वर्षांची बंदी लागते. तिकिटे काढणारा किंवा कराचे फॉर्म भरणारा ओळखीचा माणूस वकील नसतो, मग तो गणेशोत्सवात कितीही धावपळ करत असो. खासगी कॉलेजे टाळू नयेत, मात्र ती आपल्याला परदेशी विद्यार्थी धरतात की स्थानिक, हे नाव न सांगता फोनवर आधीच विचारावे, कारण मदतीची रक्कम त्यावर ठरते. खासगी कर्जाला बहुधा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हमीदार लागतो, आणि नात्यातल्या माणसाला ती गळ घालण्यापूर्वी दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढण्याचा हिशेब मांडावा. शिष्यवृत्तीसाठी ‘द ड्रीम डॉट यूएस’ आणि ‘इमिग्रंट्स रायझिंग’ या संस्थांच्या याद्यांपासून सुरुवात करावी. शिष्यवृत्ती शोधून देतो म्हणून आगाऊ फी मागणाऱ्याकडे पाठ फिरवावी. नर्सिंगसारखा अभ्यासक्रम निवडताना व्यवसायाचा परवाना आपल्या राज्यात स्टेटसविना मिळतो का, हे पहिल्याच वर्षी पाहावे.

इथेच जन्मलेल्या धाकट्या भावंडाचा फॅफ्सा भीतीपोटी न भरणे हीदेखील चूकच आहे. ते मूल नागरिक आहे, आईवडिलांच्या स्टेटसमुळे त्याचा हक्क जात नाही, आणि २०२४-२५ च्या अर्जापासून सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या पालकांनाही आपले खाते उघडता येते. आपली माहिती सरकारला देण्याची धास्ती सध्याच्या दिवसांत मी मुळीच हसण्यावारी नेत नाही. पण भरायचे की नाही हे वकिलासमोर बसून ठरवावे, व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमध्ये नव्हे. आणि ते ऑक्टोबरमध्ये ठरवावे, कारण फेब्रुवारीत माझ्याकडे आलेल्या पालकांना मी बहुतेक वेळा केवळ पुढल्या वर्षीच्या तारखा लिहून देऊ शकते.